नांदेडच्या बातमीत न आलेला आकडा: सलाईनची सुई किती सुरक्षित?

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तुमच्या मोबाईलवर एक नोटिफिकेशन नक्की आली असेल. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू. त्यात १२ नवजात बाळं. पुढच्या २४ तासांत हा आकडा ३१ वर गेला आणि त्यात १६ लहान मुलं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारकडे रिक्त पदांचा आणि औषध खरेदीच्या यंत्रणेचा हिशोब मागितला. चॅनेलवर आठ-दहा दिवस चर्चा झाली. औषधं होती की नव्हती, डॉक्टर किती होते, दोष कुणाचा. मग दुसरी बातमी आली आणि विषय मागे पडला.

त्या मृत्यूंचं कारण या लेखात शोधायचं नाही. दाखल झालेले अनेक रुग्ण आधीच गंभीर होते, लांबून आणि उशिरा आले होते, असं तेव्हा रुग्णालयाने सांगितलं होतं. आपला प्रश्न वेगळा आहे. एखादा दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे कोणत्या आकड्यावरून कळतं?

‘२४ तासांत २४’ हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यातून कळतं फार कमी. एकूण रुग्ण किती दाखल होते? किती जण आधीच अत्यवस्थ होते? रोजचा आकडा किती असतो? हे माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार?

दवाखान्याची सुरक्षा मोजणारे दुसरे आकडे असतात. ते बातमीत येत नाहीत. त्यातला एक आकडा अशा वस्तूशी जोडलेला आहे, जी तुमच्या घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या हातावर तुम्ही पाहिलेली आहे. सलाईनची सुई.

सुई नाही, नळी

आपण ‘सुई’ म्हणतो, पण हातात राहते ती सुई नसते. तिचं नाव कॅन्युला. बरेच सिस्टर तिला ‘व्हेनफ्लॉन’ किंवा नुसतं ‘आयव्ही’ म्हणतात. आत धातूची सुई आणि तिच्यावर बारीक प्लॅस्टिकची नळी अशी ही जोडी असते. सुई शिरेत शिरते, मागच्या भागात रक्त दिसतं, मग नळी पुढे सरकवून सुई काढून घेतात. शिरेत उरते फक्त मऊ नळी. म्हणूनच पेशंटला हात थोडाफार हलवता येतो.

प्लॅस्टिकची अशी नळी वापरण्याची कल्पना १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या भूलशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरने प्रत्यक्षात आणली. त्याआधी धातूची सुईच शिरेत ठेवावी लागायची.

आता पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर कॅन्युलाचा रंग बघा. तो शोभेसाठी नसतो. जगभर तोच कोड चालतो:

- हिरवा: १८ गेज. जाड नळी. ऑपरेशन, अपघात, रक्त चढवणं.
- गुलाबी: २० गेज. बहुतेक मोठ्या माणसांसाठी.
- निळा: २२ गेज. बारीक शिरा, म्हातारी माणसं, मुलं.
- पिवळा: २४ गेज. लहान बाळं.
- जांभळा: २६ गेज. अगदी नवजात, कमी वजनाची बाळं.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण हिरव्या नळीतून मिनिटाला साधारण ९० मिली द्रव जाऊ शकतं, तर निळ्यातून साधारण ३५ मिली. नळीची त्रिज्या थोडी वाढली तरी प्रवाह तिच्या चौथ्या घाताने वाढतो. लातूरला किंवा नांदेडला नीटची तयारी करणाऱ्यांना हे फिजिक्समधून ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी टँकर आठवावा. जाड पाइप लावला की हौद भराभर भरतो, तसंच.

म्हणून अपघाताच्या पेशंटला डॉक्टर जाड नळी लावतात तेव्हा ‘एवढी मोठी कशाला?’ म्हणून वाद घालू नका. रक्त वेगाने द्यायची वेळ आली तर तीच कामाला येते.

बिघडतं कुठे?

आपली कातडी म्हणजे शरीराचं कुलूप आहे. कॅन्युला लावली की त्या कुलपाला भोक पडतं आणि ते थेट रक्तापर्यंत जातं. औषधासाठी तो रस्ता हवाच असतो. पण त्याच रस्त्याने जंतूही आत जाऊ शकतात.

चार गोष्टी बिघडू शकतात.

एक, शीर सुजते. नळीच्या जागी दुखतं, लाली येते, शीर दोरीसारखी कडक लागते. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं.

दोन, नळी शिरेबाहेर सरकते. मग सलाईन मांसात जातं आणि हात फुगतो. साधं सलाईन असेल तर सूज उतरते. पण कॅल्शियम, बीपी वाढवणारी काही औषधं किंवा कॅन्सरची काही औषधं बाहेर गळली तर कातडी जळाल्यासारखी होऊ शकते.

तीन, नळी बंद पडते. पुन्हा टोचावं लागतं.

चार, जंतू रक्तात जातात. हे कमी वेळा घडतं, पण सगळ्यात धोकादायक हेच. थंडी वाजून ताप येतो, बीपी उतरतो. मूळ आजार बरा होत आलेला पेशंट पुन्हा गंभीर होतो.

नवजात बाळाच्या बाबतीत हिशोब आणखी बारीक होतो. दीड किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण १२० ते १३० मिली असतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ असते आणि रोगप्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. त्याला एक पिवळी किंवा जांभळी नळी लावायची तर सिस्टरचा हात सराईत हवा आणि स्वच्छही हवा. वॉर्डात जागेपेक्षा कितीतरी जास्त बाळं असतील, तर तेच दोन हात एका बाळाकडून दुसऱ्याकडे धावत असतात. प्रत्येक वेळी हात स्वच्छ करायला अर्धा मिनिट लागतो. गर्दीत पहिल्यांदा कापला जातो तो हाच अर्धा मिनिट. त्यामुळे ‘रिक्त पदं’ हा शब्द बातमीत कोरडा वाटला तरी त्याचा परिणाम थेट बाळाच्या हातावर होतो.

आधी एक प्रश्न: सलाईन हवंच का?

आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं. ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, अंगात ताकत येईल.’ डॉक्टर नाही म्हणाले तर लोक शेजारच्या दवाखान्यात जातात.

त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे शंभरपेक्षा कमी कॅलरी. ज्वारीची एक भाकरी यापेक्षा जास्त ताकत देते.

जुलाब-उलट्यांनी माणूस पार गळाला असेल, तोंडाने काही राहत नसेल, शुद्ध हरपत असेल, ऑपरेशन असेल, शिरेतूनच द्यावं लागणारं औषध असेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण नुसता थकवा असेल आणि तोंडाने पाणी पोटात राहत असेल, तर ओआरएसचं पाकीट तेच काम करतं आणि त्यासाठी कातडीला भोक पाडावं लागत नाही. जी नळी लावलीच नाही तिच्यातून जंतू जात नाहीत. सुरक्षेची पहिली पायरी हीच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

मोठी नळी आणि मिशिगनची यादी

आयसीयूमध्ये वेगळी नळी असते. तिला सेंट्रल लाईन म्हणतात. मानेतून, गळ्याच्या हाडाखालून किंवा जांघेतून ती घालतात आणि तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जातं. कडक औषधं, एकाच वेळी तीन-चार औषधं, तातडीचं डायलिसिस यासाठी ती लागते. फायदा मोठा, तसा धोकाही मोठा. इथून शिरलेले जंतू थेट मुख्य रस्त्यावर असतात.

बराच काळ डॉक्टर मंडळी समजायची की आयसीयूत थोडेफार संसर्ग व्हायचेच. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये हा समज तपासला. २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी नवं मशीन आणलं नव्हतं. पाच गोष्टींची यादी केली होती:

१. हात स्वच्छ करा.
२. नळी घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे आणि पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर.
३. कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसा.
४. शक्यतो जांघेतून नळी घालू नका.
५. गरज संपली की त्याच दिवशी नळी काढा.

दर हजार लाईन-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत होते. दीड वर्षानंतर ते १.४ वर आले.

यादीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर त्यांना थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला होता. आपल्या वॉर्डात हे चालेल का? तीन वर्षं नोकरी झालेली सिस्टर प्रोफेसरना ‘सर, गाऊन राहिला’ असं म्हणू शकेल? यादी छापून भिंतीवर लावणं सोपं आहे, हे वाक्य बोलता येणं अवघड आहे.

बातमीत न आलेला आकडा

वर ‘लाईन-दिवस’ असा शब्द आला. तो समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

रोज ठरलेल्या वेळी सिस्टर मोजतात की आज किती पेशंटना सेंट्रल लाईन आहे. दहा पेशंटना असेल तर त्या दिवसाचे दहा लाईन-दिवस. महिनाभर रोज दहा असतील तर ३०० लाईन-दिवस. त्या महिन्यात लाईनमुळे रक्तात संसर्ग झालेले तीन पेशंट सापडले, तर दर हजाराला दहा.

आता समजा गर्दी वाढली. वीस पेशंट, ६०० लाईन-दिवस, सहा संसर्ग. संसर्ग दुप्पट झाले, पण दर तोच, दहा. म्हणजे काळजीचा दर्जा बदलला नाही, फक्त भार वाढला. पण ६०० दिवसांत बारा संसर्ग झाले, तर दर वीस. आता मात्र काहीतरी खरंच बिघडलंय. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कोणत्याही रुग्णालयाचे नाहीत.)

नुसत्या मृत्यूंच्या बेरजेतून हा फरक कधीच दिसत नाही. दरातून दिसतो. आणि तो मोजायला एक वही किंवा मोबाईलमधली साधी स्प्रेडशीट पुरते.

भारतात हे मोजणारं एक जाळं आहे. दिल्लीचं एम्स, आयसीएमआर आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र त्यात आहेत. २०१७ ते २०२४ या काळातले ५४ रुग्णालयांतल्या २०० आयसीयूंचे त्यांचे आकडे २०२५ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आले. दर हजार लाईन-दिवसांमागे ८.८३ संसर्ग. मिशिगनमध्ये काम सुरू होण्यापूर्वी जो दर होता, त्याहूनही हा जास्त आहे. आणि ही तर मोजणी करणारी, लॅब असलेली रुग्णालयं आहेत.

इथे एक सापळा आहे. एखादं रुग्णालय म्हणालं ‘आमच्याकडे संसर्ग शून्य’, तर लगेच टाळ्या वाजवू नका. असा संसर्ग सिद्ध करायला रक्ताचं कल्चर लागतं. ठरावीक बाटलीत रक्त घेऊन लॅबमध्ये जंतू वाढतात का ते बघायचं. कल्चर पाठवलंच नाही तर संसर्ग ‘शून्य’च येणार. म्हणून दर विचारताना सोबत विचारायचं: कल्चर किती पाठवली?

नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत एमबीबीएस शिकवलं जातं. म्हणजे दोन्हीकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, कल्चर कसं करायचं हे शिकवणारे प्राध्यापक आहेत आणि मोजणी शिकू शकणारे विद्यार्थीही आहेत. नांदेड, हिंगोली, परभणी, यवतमाळच्या काही भागातून आणि तेलंगणाच्या सीमेवरून लोक विष्णुपुरीला येतात, कारण जवळ दुसरा मोठा पर्याय परवडत नाही. जिथे पर्याय नाही, तिथे तर हा आकडा दर महिन्याला दारावर लावलेला असायला हवा.

टेक्नॉलॉजी कितपत मदत करते?

इन्स्टावर एक रील फिरते. हातावर हिरवा प्रकाश पडतो आणि शिरांचं जाळं उमटतं. हे खरं मशीन आहे, व्हेन फाइंडर. त्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेडजवळचा प्रकाश येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, आजूबाजूचं मांस परत फेकतं. कॅमेरा हा फरक टिपतो आणि प्रोजेक्टर त्याचा नकाशा कातडीवर पाडतो. दिसायला भारी. पण शीर दिसणं आणि नळी बरोबर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासांमध्ये पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचं प्रमाण सगळीकडे वाढलेलं दिसत नाही. शीर किती खोल आहे, हे तो नकाशा सांगत नाही.

प्ले स्टोअरवर ‘व्हेन फाइंडर’ नावाची ॲप्सही आहेत. मोबाईलचा कॅमेरा हा प्रकाश बऱ्यापैकी गाळून टाकतो आणि फोनमध्ये तसा दिवाही नसतो. ती ॲप्स फक्त चित्राचे रंग बदलतात. त्यांच्यावर विसंबून राहू नका.

ज्याचा खरा फायदा सिद्ध झालाय ते तंत्रज्ञान जुनं आहे, सोनोग्राफी. स्क्रीनवर शीर आणि धमनी वेगळी दिसते आणि सुई कुठे चाललीय तेही कळतं. मानेतली लाईन सोनोग्राफीने घातली तर एकूण गुंतागुंत ७१ टक्क्यांनी कमी होते, असं २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं.

पण आपल्या राज्यात सोनोग्राफी मशीन म्हणजे साधी वस्तू नाही. मराठवाड्याने स्त्रीभ्रूणहत्येचे भयंकर दिवस पाहिलेत. त्यामुळे पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंदणी लागते. हलवता येणारं मशीनही नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. हा कायदा हवाच. फक्त त्याचा अर्थ असा की आयसीयूत खाटेजवळ मशीन हवं असेल तर प्रशासनाने कागदपत्रं करून, माणसं शिकवून ते आणावं लागतं. कायदा त्याला अडवत नाही, पण आळशी प्रशासनाला कारण मात्र मिळतं.

डायलिसिसवाल्यांनी हात जपायचा

किडनी निकामी झालेल्या पेशंटसाठी शीर म्हणजे आयुष्याची दोरी असते. डायलिसिसला खूप रक्त वेगाने बाहेर काढून परत द्यावं लागतं. साधी कॅन्युला त्याला पुरत नाही. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी उपाय प्रसिद्ध केला. मनगटाजवळ शीर आणि धमनी एकमेकांना जोडायची. धमनीच्या दाबाने शीर फुगून जाड होते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सुई घालता येते. यालाच फिस्टुला म्हणतात.

फिस्टुला तयार व्हायला साधारण दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. आपल्याकडे बरेच पेशंट पोहोचतात तेव्हा आजच डायलिसिस करायची वेळ आलेली असते. मग मानेत नळी घालावी लागते. ती नळी महिनोन्‌महिने राहिली की संसर्गाचा धोका वाढत जातो. म्हणून घरात कुणाची किडनी हळूहळू खराब होत असेल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या हाताने जेवत नाहीत त्या हाताच्या शिरा राखून ठेवा. रक्त तपासणी किंवा सलाईनसाठी शक्यतो दुसऱ्या हाताच्या पंजाची मागची बाजू पुढे करा. ‘फिस्टुला कधी करायचा?’ हे डॉक्टरांना आधीच विचारा. फिस्टुला झालेल्या हातावर बीपीचा पट्टा आणि सुई दोन्ही बंद. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पेशंटजवळ बसलात तर काय कराल?

सरकारी असो की खाजगी, पेशंटजवळ रात्रभर बसतो तो घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी. हातात फोन असतोच. त्याचा उपयोग असा करा:

- नळी लावली की तारीख आणि वेळ फोनमध्ये लिहा. पट्टीवरही लिहायला सांगा.
- सकाळ-संध्याकाळ त्या जागेचा फोटो काढा. फक्त आपल्या पेशंटचा. शेजारच्या खाटेवरचं कुणी फोटोत येऊ देऊ नका. कालच्या आणि आजच्या फोटोत सूज पटकन ओळखू येते.
- दुखणं, लाली, सूज यापैकी दोन गोष्टी दिसल्या तर लगेच सांगा. साधारणपणे अशी नळी काढून दुसरीकडे लावतात. थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका.
- रोज एकदा विचारा: ‘सिस्टर, ही नळी आज लागते का?’ सलाईन बंद होऊन दोन दिवस झाले तरी नळी तशीच राहिलेली असते, हे फार ठिकाणी घडतं.
- स्वतः नळीला हात लावण्याआधी हात धुवा. फोनला लावलेला हात घाण समजा.

‘तीन दिवस झाले, नळी बदलाच’ असा हट्ट मात्र धरू नका. ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरलेल्या दिवशी नळी बदलली काय आणि गरजेप्रमाणे बदलली काय, शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच, सात टक्के होतं. रोज बघणं महत्त्वाचं.

काही गोष्टी अजिबात करू नका. सलाईन लवकर संपावं म्हणून चाक फिरवू नका. बाटली संपल्यावर नळीत रक्त उलटं आलं तर घाबरू नका, सिस्टरना बोलवा. बारीक बुडबुडा दिसला की माणूस मरतो, हा व्हॉट्सॲपचा शोध आहे. हातातल्या सलाईनमधून गेलेला एखादा बारीक बुडबुडा सहसा काही करत नाही. पण मानेतल्या लाईनचं झाकण कधीही उघडू नका. तिथून हवा आत ओढली गेली तर जीवावर बेततं.

बोलताना आवाज चढवू नका. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतील तर ती तुमची शत्रू नाही, तीही त्याच कमतरतेत अडकलीय.

मग आकडा मागायचा कुणाकडे?

माहितीचा अधिकार वापरता येतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. कोणत्याही सरकारी रुग्णालयाला विचारा: गेल्या बारा महिन्यांत आयसीयू आणि नवजात विभागात सेंट्रल लाईनचे दिवस किती? त्यातले संसर्ग किती? रक्ताची कल्चर किती पाठवली? संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या? नर्सची मंजूर पदं किती, भरलेली किती? कॅन्युला आणि क्लोरहेक्सिडिन किती दिवस संपलेलं होतं?

‘अशी माहिती ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं, तरी ते लेखी हातात ठेवा. मोजणीच होत नाही, हे त्यातून सिद्ध होतं आणि पत्रकाराला, आमदाराला, न्यायालयाला दाखवायला तोच कागद लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बाळ गमावलेल्या आईबापांना कोणताही आकडा दिलासा देणार नाही. पण पुढच्या वेळी विष्णुपुरीत, लातुरात किंवा तुमच्या तालुक्याच्या गावात काही बिघडायला लागलं, तर ते ‘२४ तासांत २४’ होईपर्यंत कळूच नये, हे बदलता येतं. दर महिन्याचा दर वाढतोय हे त्याआधीच दिसू शकतं. त्यासाठी कुणीतरी रोज मोजायला हवं आणि आपण रोज विचारायला हवं. पेशंटजवळ बसण्याची पाळी तुमची असेल तर सुरुवात आज रात्रीपासून करा: ‘सिस्टर, ही नळी आज लागते का?’